असमान म्हणजे काय, ते सांगायचं राहिलं

खाजामियाँ नोटीस घेऊन आले
प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता.
औसा नगरपरिषद, पाणीपुरवठा विभाग, जावक क्रमांक,
आणि खाली:
आपल्या अधिकारांत एक्केचाळीस वेळा
विनापरवानगी बदल झाल्याचे आढळून येते.
खुलासा करावा.
म्हणाले, "मॅडम, मोबाइलचा आवाज कमी करायचा
तरी मला पोरगी लागती."

किल्ल्यामागची टाकी त्यांच्याकडे. सव्वीस व्हॉल्व्ह.
आठव्या दिवशी पाणी,
कुठल्या गल्लीला पहाटे तीनला, कुठल्या गल्लीला टळटळीत दुपारी.
पान्हा ज्याच्या हातात त्याचा अधिकार,
इतकं सरळ होतं सगळं.
मग मी आले लातूरहून, लॅपटॉप घेऊन,
आणि पान्ह्याचे चार तुकडे केले:
पाहणे, उघडणे, बंद करणे, वेळापत्रक बदलणे.
प्रत्येकासमोर हो किंवा नाही.
चारांची पुरचुंडी बांधली, तिला नाव दिलं अधिकार.
खाजामियाँची पुरचुंडी: हो, हो, हो, नाही.

रात्री बाराला यंत्र
कालची पुरचुंडी काढतं, आजची काढतं,
शेजारी ठेवून एवढंच विचारतं,
या दोन वेगळ्या आहेत का?

बाकीचे सहाला घरी जातात.
त्यांची पुरचुंडी जागची हलत नाही.
हे रात्रपाळीला, टाकीच्या कट्ट्यावरून मोबाइल लावणार,
की यांच्यासाठी नवी प्रत तयार.
तेच चार शब्द, त्याच क्रमानं.
आणि यंत्र लिहितं: वेगळ्या आहेत. बदल झाला.
एक्केचाळीस रात्री.

मी दोन्ही प्रती समोर मांडल्या. विचारलं,
सारख्या आहेत?
हो.
वेगळ्या आहेत?
हो.
पंखा चालू होता तरी मला घाम फुटला.

ही भाषा जुनी, पालिकेच्या संगणकाच्या वयाची.
समान म्हणजे काय ते मी तिला नीट शिकवलं होतं,
चार ओळी, चार तुलना, स्वतःवर खूश होऊन.
असमान म्हणजे काय, ते सांगायचं राहिलं.
आणि न सांगितलेलं ती आपल्या मनानं काढत नाही.
ती फक्त पत्ता बघते:
ही कुठल्या घरात ठेवलीय, ती कुठल्या.
घर वेगळं, म्हणजे वेगळी.
गाठ सोडून आत बघायची तिला सवय नाही.

खाजामियाँनी खिशातून दोन किल्ल्या काढल्या.
"ही टाकीच्या खोलीची. ही पण.
एक हरवली तर असावी म्हणून चौकात करून घेतली.
कुलूप कधी विचारत नाही,
तू खिशातली का खुंटीवरची.
कुलपाएवढी तरी अक्कल द्यायची होती की त्याला."

दिली. एका ओळीत.
जे समान नाही ते असमान.
असलं वाक्य लिहायचं कुणाचं राहतं?
माझं.

खात्री करावी म्हणून मी त्यांच्या पुरचुंडीशेजारी
कनिष्ठ अभियंता मुळेसाहेबांची ठेवली:
हो, हो, हो, नाही.
यंत्र म्हणालं, वेगळ्या नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून ते वाचत राहिले.
"म्हंजी मी न मुळेसाहेब एकच?"
या चारांपुरते.
"न पगार?"
अकरा वर्षं रोजंदारीवर आहेत ते.
मी म्हटलं, तो रकाना तुलनेत धरलेला नाही.
"बरंय, धरू नका," ते हसले,
"धरला तर तुमचं यंत्र रात्रभर झोपायचं नाही."

मला हसावं की नाही कळेना.

चूक माझी, पण खुलासा त्यांच्याच नावानं जायचा.
नोटिशीत माझ्यासाठी जागाच नव्हती.
मी लिहून दिला, त्यांनी सही केली
दोन प्रतींवर, अंगठ्यानं पेन दाबून धरत.
पहिल्या सहीतला खाजा मोठा आला,
दुसऱ्या सहीतला मियाँ ओळीखाली घसरला.

आवक लिपिकानं दोन्हीकडे एकदा पाहिलं,
पाहिलंसं केलं,
आणि दोन्हींवर एकच शिक्का मारला.